कडी आणि पडदा

जालन्याच्या लग्नात यंदा वरातीपेक्षा जास्त गर्दी पार्किंगमध्ये जमली. आतेभावाने नवी गाडी घेतलेली, उंच, पांढरी, सहा एअरबॅगची. आत्या ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले, अंगावर नऊवारी. दार उघडल्यावर तिने सवयीने हात वर नेला आणि छताच्या कडेला असते ती धरायची कडी चाचपून पाहिली. हाताला लागले ते नुसते मऊ कापड. “कामून रे, कडी काढून ठिवली का काय?” असे म्हणत तिने दारालाच धरले, दार तिच्यासकट फिरले आणि ती गाडीच्या उंबऱ्यावर मटकन बसली. लागले फारसे नाही, पण तिथून जो वाद पेटला तो पंगत उठेपर्यंत विझला नाही. आतेभाऊ म्हणे, कंपनीने शे-दोनशे रुपये वाचवले, एअरबॅग हे नुसते निमित्त. पुण्याहून आलेले आमचे इंजिनीअर जावई म्हणे, जिथे बाजूची एअरबॅग आहे तिथे कडी नकोच, एअरबॅग फुटली की कडी उडून डोक्यात बसते, शिकल्यासवरल्या माणसांनी असला हट्ट धरू नये. नंतर हाच वाद मी आणखी दोन-तीन ठिकाणी ऐकला. प्रत्येक वेळी तो याच दोन खुंट्यांना बांधलेला होता.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कडी की एअरबॅग हा प्रश्नच खोटा आहे. दोन्ही एकाच गाडीत, एकाच जागी, एकमेकांना न अडवता बसतात. ती बसवणे हे गाडी आखणाऱ्याचे काम आहे, आणि ज्याने एअरबॅग लावून कडी काढली त्याने काम अर्धे सोडले आहे. उलट ‘एअरबॅग गेली खड्ड्यात, आमची कडी द्या’ म्हणणारा त्याहून मोठी चूक करतो. संभाजीनगरजवळच्या वाळूजला प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात माझी अकरा वर्षे गेली. त्यातली जवळपास दोन वर्षे गाडीतल्या कडीच्या साच्यापुढे उभे राहण्यात गेली. तेवढ्या अधिकारावर हे लिहितो आहे, त्याहून जास्त नाही.

गाडीच्या छताच्या कडेचे कापड कधी उसवून पाहिले आहे? पुढच्या काचेशेजारच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत पत्र्याची एक पोकळ पट्टी जाते. तिला सगळे ‘रेल’ म्हणतात. पडदा एअरबॅग, म्हणजे खिडकीवर पडद्यासारखी उतरणारी एअरबॅग, याच रेलवर सतरंजीसारखी गुंडाळून, पातळ कापडी खोळीत घालून, थोड्या थोड्या अंतरावर बोल्टने आवळलेली असते. सोबत गॅसचे एक नळकांडे. बाजूने धडक बसली की सेन्सर निर्णय घेतो आणि पंचवीस-तीस मिलिसेकंदांत पडदा खिडकीवर उतरतो. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. उतरताना तो छताच्या कापडाची कड दाबून वाकवतो आणि खिडकीकडच्या फटीतून बाहेर पडतो. आता याच रेलवर कडीचे दोन पाय बसवायचे आहेत. तेही असे बसवायचे की साठ-सत्तर किलोचा माणूस लोंबकळला तरी निघता कामा नयेत. म्हणजे भाडेकरू दोन आणि खोली एक.

म्हणून जावयांचे म्हणणे हवेतले नाही हे कबूल केले पाहिजे. कडीचा पाय पडद्याच्या वाटेत आला तर पडदा अडकतो, वेडावाकडा उघडतो, प्रसंगी फाटतो. कडीच्या स्क्रूवरची प्लॅस्टिकची टोपणे सुटली तर बंदुकीच्या छऱ्यासारखी सुटतात. पण यावर उपाय नाही असे कोण म्हणते? पायाखालचा लोखंडी कंस, म्हणजे ब्रॅकेट, गुंडाळीवरून ओढ्यावरच्या पुलासारखा नेता येतो. त्या कंसाला असा उतार देता येतो की फुगणारे कापड त्याला घासून अडण्याऐवजी घसरून पुढे जावे. गुंडाळीची जागा कडीपाशी दोन बोटे वर-खाली सरकवता येते. टोपणे सुटी ठेवण्याऐवजी कडीलाच पातळ बिजागरीने जोडता येतात. कडी स्प्रिंगने छताला चिकटलेली राहते, पडदा तिच्या खालून निघून जातो. यात नवल वाटण्यासारखे काही उरलेले नाही. पडदा एअरबॅग १९९८ पासून गाड्यांत येऊ लागली आणि आज रस्त्यावर असंख्य गाड्या कडी आणि पडदा दोन्ही घेऊन फिरतात. त्या दिवशी वाद तापलेला असताना मी हळूच जावयांच्या गाडीत डोकावलो. खांबावर एअरबॅगची अक्षरे कोरलेली, आणि वर तीन कड्या. मी काही बोललो नाही, लग्नघर होते.

कडीविरुद्धचा खरा जोरदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो एअरबॅगच्या आधीचा आहे. अपघातात डोके जिथे आपटते तिथेच कडी असते. मऊ छताखाली रेल, आणि रेलच्याही पुढे आलेला हा टणक गाठीसारखा भाग. अमेरिकेने १९९५ मध्ये गाडीच्या आतल्या वरच्या भागासाठी नियम केला. साडेचार किलोचे नकली डोके ताशी २४ किलोमीटर वेगाने खांबांवर आणि रेलवर मारायचे आणि मेंदूला किती इजा झाली असती हे मोजायचे. त्यात रेलवरच्या एका ठरावीक जागेबद्दल एक वाक्य आहे, ते मला कारखान्यात पहिल्यांदा समजावून सांगितले तेव्हा हसू आले होते. तिथे कडी असेल तर डोके कडीच्या पायावरच मारा, आणि कडी घडीची असेल तर ती मिटलेली ठेवून मारा. म्हणजे नियम करणाऱ्याने कडी काढून टाका म्हटले नाही. तुमची कडी ठेवा, पण तिच्या सगळ्यात टणक जागी डोके आपटून दाखवा, आणि माणूस वाचतो हे सिद्ध करा, असे म्हटले. या एका वाक्याने कडीचा जन्मच बदलला. पूर्वीची कडी भक्कम असणे हाच तिचा गुण होता. आता तिला खाली ओढले तर ती भक्कम हवी, आणि बाजूने डोके आपटले तर चेपली जायला हवी.

हे कसे साधतात? कडीची मूठ हाताला जाड लागते पण आतून पोकळ असते. साच्यात वितळलेले प्लॅस्टिक सोडल्यावर त्याच्या मागून दाबाने नायट्रोजन सोडतात, मधला गाभा निघून जातो आणि नळी उरते. पायांच्या आत पातळ उभ्या पट्ट्या असतात, आम्ही त्यांना रिबा म्हणायचो. त्या ओढीच्या दिशेने ताठ आणि धडकेच्या दिशेने मुद्दाम अशक्त ठेवतात. चाचणीहून परत आलेले तुकडे टेबलावर मांडलेले असायचे. चांगल्या तुकड्यात रिबांच्या बुडाशी दुधासारखी पांढरी रेघ उमटलेली असे. म्हणजे प्लॅस्टिक वाकले, ताणले गेले, धडक पिऊन टाकली. वाईट तुकड्यात रेघ नसायची, सरळ काचेसारखा भंग असायचा आणि त्याची कड नखाने तपासली तरी रक्त निघेल अशी धारदार असे. साच्यात रिबेची जाडी किंचित बदलली की पांढरी रेघ यायची किंवा जायची. एकदा तेवढ्यासाठी साचा तीन वेळा टूलरूमला गेला. कटकट होती, खर्च होता. पण काम होत होते.

कटकट झाली म्हणून उपयोगी वस्तूच काढून टाकायची, हा न्याय आपण दुसरीकडे कुठे लावला? गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोटारीच्या स्टिअरिंगचा दांडा हा चालकाच्या छातीवर रोखलेला भाला होता. समोरून धडक बसली की तो मागे यायचा आणि बरगड्यांतून आत जायचा. त्यावर स्टिअरिंग काढा असे कोणी म्हणाले का? दांडा दुमडणारा झाला, आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत तशी कसोटी सक्तीची झाली. खुद्द एअरबॅगचेच घ्या. १९९० च्या दशकात पुढच्या एअरबॅगच्या दणक्याने अमेरिकेत लहान मुले आणि ठेंगण्या बायका दगावल्या. वाचवणारी वस्तूच मारते म्हटल्यावर तिच्यावर बंदी घालण्याची हाकाटी झाली नसेल असे नाही. पण १९९७ मध्ये कमी जोराने फुगणाऱ्या एअरबॅगना वाट दिली गेली, पुढे समोर बसलेला माणूस लहान की मोठा हे ओळखणाऱ्या आल्या. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? जुन्या एसटीत पुढच्या बाकाच्या लोखंडी दांड्यावर दात पाडून घेतलेला एक तरी माणूस परभणीपासून धाराशिवपर्यंत प्रत्येक गावात सापडेल. दांडे काढून टाका म्हणून कोणी डेपोवर मोर्चा नेला नाही. कारण उभ्या माणसाने धरायचे काय, हा प्रश्न सगळ्यांना कळत होता.

दुसरा मुद्दा हाताचा. कडी धरून बसलेल्या माणसाचा हात पडद्याच्या वाटेत असतो, एअरबॅग फुटली की तो भिरकावला जातो. खरे आहे. वेगात चाललेल्या गाडीत तासन्‌तास कडीला लोंबकळून बसू नये हे मीही सांगेन, आणि कडी धरली म्हणजे पट्टा लावायची गरज नाही असे ज्याला वाटते त्याची तर कीव येते. धडकेच्या क्षणी कोणाच्याही मुठीत स्वतःचे वजन पेलण्याची ताकद नसते. पण कडी धरली कधी जाते ते पाहा. चढताना, उतरताना, नांगरटीसारख्या झालेल्या रस्त्यावर, कन्नडच्या घाटात वळणावर. म्हणजे गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. हाताच्या मोडीची भीती घालून चढण्याचा आधारच काढून घेणे म्हणजे पाय घसरेल म्हणून जिन्याचा कठडा काढण्यासारखे झाले.

बाजूच्या एअरबॅगबद्दल मात्र घासाघीस नको. समोरून धडक बसली तर माणूस आणि लोखंड यांच्यामध्ये बॉनेट आहे, इंजिन आहे, हातभर जागा आहे. बाजूने बसली तर मध्ये फक्त दार आहे, वीतभर. ३ जून २०१४ ची सकाळ मराठवाड्याला सांगावी लागत नाही. गोपीनाथ मुंडे केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता, दिल्लीच्या चौकात मागच्या आसनावर बसले होते, आणि दुसरी गाडी त्यांच्या बाजूने येऊन आदळली. परळीला झालेली ती गर्दी ज्याने पाहिली त्याने तरी आत्याच्या कडीसाठी एअरबॅगवर पाणी सोडा म्हणू नये. आतेभाऊ त्या दिवशी रागाच्या भरात “मग नकोच त्या एअरबॅग” म्हणून गेला, तेव्हा मला त्याचा जावयांपेक्षा जास्त राग आला.

आता पैशाचे. कडी स्वस्त असते, कडीचा पुरावा महाग असतो. गाडीच्या प्रत्येक प्रकारासाठी पडदा कडीसकट फोडून पाहावा लागतो. तोही साध्या हवेत, मग गोठवून, मग तापवून, कारण थंडीत प्लॅस्टिक तडकते आणि उन्हात मऊ होते. मे महिन्यात परभणीत काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत हात घालून पाहा म्हणजे तापवून का फोडतात ते कळेल. हा खर्च वाचवायचा तर सोपा मार्ग कोणता? कडी नसली की कडीची चाचणी नाही. आतेभावाचा संशय इथपर्यंत बरोबर आहे. पण त्यालाही एक अपवाद मान्य करावा लागेल. चालकाच्या डोक्यावर कडी नसते ते योग्यच आहे. त्याच्या हातात स्टिअरिंग आहे, आणि त्याने ते सोडून दुसरे काही धरू नये. चौथी कडी मागणारे उगाच भांडतात.

सरकारी बाजू पाहिली तर या वादाला आणखी एक वळण दिसते. १४ जानेवारी २०२२ ला केंद्राने सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला, तारीख धरली १ ऑक्टोबर २०२२. मग ती वर्षभर पुढे गेली, आणि २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असे मंत्र्यांनीच सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून भारत एनकॅप सुरू झाले, म्हणजे गाड्यांना तारे देण्याची आपली पद्धत. पुढून ताशी ६४, बाजूने ५० किलोमीटरच्या वेगाने धडक, आणि वरचे तारे हवे असतील तर रोवलेल्या खांबावर बाजूने २९ च्या वेगाने. याचा फायदा झालाच. लोक शोरूममध्ये तारे विचारू लागले, कंपन्या सहा एअरबॅग जाहिरातीत मिरवू लागल्या. पण ताऱ्यांमध्ये कडीला गुण नाहीत. चाचणीसाठी खुर्चीत नीट बसवलेल्या माणसाच्या पुतळ्याला कडी लागतच नाही. त्याला आधीच आत ठेवलेले असते. त्याचे गुडघे दुखत नाहीत, त्याने नऊवारी नेसलेली नसते, तो सात महिन्यांचा गरोदर नसतो. जे मोजले जाते ते गाडीत राहते आणि जे मोजले जात नाही ते पुढच्या वर्षीच्या स्वस्त प्रकारात गळते. कडी एअरबॅगमुळे गेली असे म्हणण्यापेक्षा पुतळ्यामुळे गेली म्हणणे जास्त खरे ठरेल.

आणि आपल्याकडे गाडीत बसते कोण? शहरातली गाडी एकट्या चालकाची असते. आमच्याकडची गाडी दवाखान्याची, लग्नाची, बाजारहाटाची, पंढरपूरची असते. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेली म्हातारी, बाळंतपणाला माहेरी आणलेली लेक, प्लॅस्टर घातलेला चुलता. शिवाय खप उंच गाड्यांचा. रस्ताच असा की जमिनीपासून वर नसलेली गाडी पहिल्या पावसात काळ्या मातीत पोट टेकते. म्हणजे उंबरा गुडघ्याच्या वर, चढणारी माणसे थकलेली, आणि धरायला कापड. छताला जागाच नाही अशी कोणाची तक्रार असेल तर पुढच्या खांबावर उभी मूठ देता येते, परदेशातल्या उंच गाड्यांत ती सर्रास असते, आणि चढायला ती छतावरच्या कडीपेक्षा बरी. पडद्याचा पट्टा त्या खांबापर्यंत येतो, म्हणून तिथेही हेच गणित मांडावे लागेल. मांडा की! समृद्धीवर १२० ने पळणारी गाडी आखता येते आणि आत्याला तिच्यात बसवता येत नाही?

आपल्याही पदरात काही टाकतो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. कडी दिली तर आपण तिचे काय करतो? मागच्या दोन कड्यांना साडीचे पदर बांधून केलेली झोळी आणि त्यात झोपलेले तान्हे मूल मी बीड रस्त्यावर स्वतः पाहिले आहे. त्या गाडीला पडदा एअरबॅग असती तर पुढचे वाक्य मला लिहिवले नसते. इस्त्रीचे कपडे तारेच्या हँगरसकट कडीला, भाकरीची पिशवी कडीला, उन्हासाठी कापड कडीला अडकवून. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते की हँगर आणि टणक वस्तू तिथे लटकवू नका, पडदा फुटला की त्या उडतात. पण पुस्तिका इंग्रजीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, कुंकू लावलेली. शिवाय आसनाच्या कुशीत शिवलेली एअरबॅग आपण हौसेने जाड रेक्झीनचे कव्हर शिवून बंद करतो ते वेगळेच. कंपनीने कडी काढली म्हणून ओरडणारा माणूस त्याच दिवशी अडीच हजारांचे कव्हर बसवून येतो. जावई याच लोकांकडे बोट दाखवून म्हणतात की यांना कडी देऊच नये. पण अडाणीपणावर उपाय वस्तू काढून घेणे हा असेल तर आधी लोकांचे गॅस सिलिंडर काढून घ्यावे लागतील.

ही आखणी जपानमध्ये किंवा जर्मनीतच होते असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. संभाजीनगरजवळच शेंद्र्याला २००१ पासून गाड्या जोडल्या जातात. वाळूजला आणि चिकलठाण्याला साचे करणारी, प्लॅस्टिक ओतणारी, ब्रॅकेट दाबणारी शेकडो पोरे आहेत. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने इथल्या कारखान्यासाठी राज्याशी करार केला, तेव्हापासून बिडकीनकडच्या जमिनीचे भाव चहाच्या टपरीवर तोंडपाठ आहेत. आमच्या उद्योजकांच्या बैठकांत अनुदान, वीज आणि पाणी यांवर तासन्‌तास बोलणे होते, आणि ते व्हायलाच हवे. पण इथल्या माणसाला बसायला सोपी गाडी कशी असावी हे विचारण्याचा हक्क, ती बनवणाऱ्या गावाला नाही तर कोणाला? मी होतो तिथे कडीची जागा कधी आम्ही ठरवली नाही. नकाशा यायचा, आम्ही साचा घासायचो. तो नकाशा काढणाऱ्याने आत्याला कधी गाडीत चढताना पाहिले नसणार.

कडी काढली की गरज संपत नाही, ती दुसरी वाट शोधते. लग्नानंतर महिन्याभराने आतेभावाने मोबाइलवरून एक वस्तू मागवली. हातोडीएवढी, वीतभर लांब, एका टोकाला रबराची मूठ, दुसऱ्या टोकाला लोखंडी जीभ. दाराच्या कडीकोयंड्यात, म्हणजे खांबावरच्या लोखंडी कडीत, ती जीभ अडकवायची, मूठ धरून चढायचे, मग वस्तू काढून दार लावायचे. काम चोख करते. आत्या खुश आहे. चढून झाले की ती तो लोखंडी दांडा मांडीवरच्या पिशवीत टाकते, पानाच्या डब्याशेजारी, आणि पिशवी खिडकीला टेकवून ठेवते. बरोबर पडदा उतरतो त्या जागी. परवा मी तिला ती पायाशी ठेवायला सांगितले. “खाली वाकता येतंय का मला?” ती म्हणाली.